यादीत नाव आहे का?

पावसाळा तोंडावर आला की वस्तीतल्या घरांत सर्वांत आधी माळ्यावर चढते ती कागदांची पिशवी. अंथरुणे, धान्याचे डबे, मुलांची दप्तरे यांची सोय त्यानंतर लागते. त्या पिशवीत काय आहे, हे मानखुर्द-गोवंडीकडच्या कोणत्याही बाईला विचारावे. ती पिशवी न उघडता सांगेल. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे ओळखपत्र, असलाच तर तो, रेशनकार्ड, सासऱ्यांच्या नावाचे विजेचे जुने बिल, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि कधीकाळी घर पाडले गेले तेव्हाच्या नोटिशीची प्रत. शेवटचा कागद ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. पण सरकारने घर पाडले याचा अर्थ त्या जागी घर होते, हे सरकारनेच लिहून दिले आहे. म्हणून तो कागदही जपावा लागतो.

मुंबईत घर पैशावर मिळते हे खरेच आहे. ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांना मात्र ते तारखेवर मिळते. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तेव्हा १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, पुढे ती १ जानेवारी २००० झाली आणि नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर घेण्याची मुभा मिळाली. निवडणुका आल्या की ही तारीख पुढे सरकते, हे वस्तीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तारखेच्या आधीचा तो पात्र आणि नंतरचा तो अपात्र. शेजारीशेजारी राहणाऱ्या, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन कुटुंबांमध्ये यापेक्षा मोठा फरक या शहराने दुसरा कुठलाही केलेला नाही.

मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ओळखीतून एका वस्तीच्या रहिवासी समितीच्या कागदपत्रांचे काम पाहू लागले. खात्यातले नाव आणि धनादेशावरचे नाव जुळते का, हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे हे काम मला परके वाटले नाही. ते करता करता माझे एक मत बनत गेले. या शहरात सामान्य माणसांनी घरासाठी दिलेल्या ज्या लढाया थोड्याफार यशस्वी झाल्या, त्यांत मोर्चाइतकेच, किंबहुना कधी कधी मोर्चापेक्षा जास्त, काम लोकांनी स्वतः केलेल्या यादीने केले आहे. आणि ज्या लढाया अर्ध्यावर राहिल्या, त्यांतही कोणाचे तरी नाव यादीबाहेर राहिले होते.

पुनर्वसन योजनेत पात्र-अपात्रांची जी सरकारी यादी असते तिला परिशिष्ट-दोन म्हणतात. ती प्रसिद्ध झाली की समितीच्या खोलीत एकच झुंबड उडते. कागद भिंतीला चिकटवलेला असतो, अक्षरे बारीक असतात आणि विजेचा दिवा नेमका त्याच कोपऱ्यात मंद असतो. बायका बोटाने रकाने मोजत खाली येतात. पहिला रकाना झोपडी क्रमांकाचा, शेवटचा शेऱ्याचा; मधले कोणी वाचत नाही. शेऱ्यात ‘पात्र’ दिसले की ती बाई मागे वळून गर्दीतून वाट काढते, ‘अपात्र’ दिसले की तिथेच उभी राहते आणि मग माझ्यासारख्या कोणाला तरी हाक मारते. “ताई, हे काय लिहिलंय ते जरा नीट वाचा. माझं लग्न होऊन मी इथंच आले, माझी दोन्ही पोरं इथंच झाली.”

नीट वाचले तर बहुधा कारण क्षुल्लक निघते. रेशनकार्डावर सखुबाई आहे आणि वीजबिलावर सकुबाई. मतदार यादीत सासरचे आडनाव आहे, जुन्या पावतीवर माहेरचे. एका मावशींचा झोपडी क्रमांक सर्वेक्षणाच्या वेळी लाल रंगाने दाराच्या पत्र्यावर लिहिला होता. पुढे तो पत्रा गंजला म्हणून मुलाने दार बदलले. मावशींनी मात्र जुना पत्रा भंगारवाल्याला दिला नाही. खाटेमागे भिंतीला टेकवून ठेवला होता. अधिकारी फेरतपासणीला आले तेव्हा तो बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि नव्या दाराशेजारी उभा केला. अधिकाऱ्यांनी त्याचा फोटो घेतला. मावशी पात्र ठरल्या. माझ्या बँकेतल्या कोणत्याही लेखापरीक्षकापेक्षा त्यांना पुराव्याची समज अधिक होती, हे मी त्या वेळी त्यांना बोलूनही दाखवले.

हे शहाणपण वस्त्यांमध्ये आपोआप आलेले नाही. त्यामागे चार-पाच दशकांचा अनुभव आहे आणि त्याची सुरुवात मार खाण्यापासून झालेली आहे. ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी हटवली गेली आणि तिथल्या लोकांना चीता कॅम्पला नेण्यात आले. त्या कॉलनीच्या लढ्यातून जोकिन अर्पुथम हे नाव पुढे आले. राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाची उभारणी त्यांनी केली, २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. जनता कॉलनी वाचली नाही, हे खरे. पण ती हरल्यानंतर लोकांनी काय केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

१९८१ च्या पावसाळ्यात तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी पदपथावर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला. भर पावसात झोपड्या मोडल्या गेल्या, माणसे बसमध्ये बसवून शहराबाहेर नेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस पदपथावर राहतो तो कामाजवळ राहावे लागते म्हणून. या वाक्याचा उल्लेख आजही प्रत्येक सभेत होतो. त्याच निकालाने नोटीस देऊन झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला होता आणि त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितले होते. त्याचा उल्लेख मात्र सभांमध्ये सहसा होत नाही.

आता पाडापाडी होणार हे दिसत असताना भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेने, जी आदल्याच वर्षी स्थापन झाली होती, पदपथवासीयांची गणना केली. सरकारच्या १९७६ च्या गणनेत पदपथावरच्या माणसांना जागा नव्हती. सरकारी दृष्टीने ती झोपडपट्टीही नव्हे, निव्वळ अडथळा होती. या गणनेत सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची नोंद झाली. कोण कुठल्या गावाहून आले, किती वर्षांपूर्वी आले, काय काम करतात, कामाला चालत जातात की गाडीने, हे सारे लिहिले गेले. आकडे हाती आले तेव्हा कळले की ही माणसे काल-परवा आलेली नाहीत, कित्येकांच्या दोन पिढ्या त्याच पदपथावर गेलेल्या आहेत आणि शहरातली हलक्या मजुरीची असंख्य कामे त्यांच्याच जिवावर चालतात. पुढे महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली. रोज थोडी थोडी बचत गोळा करायची, ती वहीत लिहायची, दारोदार फिरणाऱ्या बाईला कोणाच्या घरी काय चालले आहे हे आपोआप कळायचे. बचतीपेक्षा ही बातमी ठेवण्याची सवय मोलाची ठरली, असे मला वाटते.

याच बायकांनी पुढे घर कसे हवे याचाही विचार केला. खोली चौदा फूट उंच असावी म्हणजे आत पोटमाळा काढता येईल, हा आराखडा त्यांचा; आणि मानखुर्दला मिलन नगर उभे राहिले ते त्यांच्या हट्टातून. घराचे चित्र कागदावर कळत नाही म्हणून लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाची घरे उभी करून त्यांची प्रदर्शने भरवली गेली. आमच्या समितीनेही हा प्रयोग केला. मंडळाच्या मैदानात चुन्याने तीनशे चौरस फुटांची आखणी केली, त्यात खाट ठेवली, शिलाई मशीन ठेवले, ओटा आणि मोरी आखली. विकासकाच्या रंगीत पुस्तिकेत ऐसपैस दिसणारी खोली तिथे एकाएकी आटली. मशीनवाल्या ताई दोनदा आत-बाहेर करून आल्या आणि म्हणाल्या, “खाट उभी केल्याशिवाय मला मशीनवर बसताच येणार नाही. मग दिवसा आजारी सासूला कुठं झोपवू?” त्यानंतरच्या बैठकीत दाराची जागा बदलून मागण्याचा ठराव झाला. वास्तुविशारदांनी तो मान्य केला. त्यांना अडचण नव्हती, त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

गिरणगावाचे उदाहरण माझ्या घरातले आहे. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही असे जुने लोक म्हणतात. आमच्या घरी त्या संपाबद्दल फार बोलणे होत नसे. मात्र वडिलांनी हजेरीचे कार्ड, ईएसआयचे कार्ड आणि फंडाची चिठ्ठी एका बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती आणि त्या डब्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. त्या वेळी ते मला निव्वळ हळवेपणाचे वाटे.

पुढे या कागदांना किंमत आली ती कशी, हे सांगायला हवे. मुंबईत ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, असा त्याचा अर्थ होता. २००१ साली या नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात शेड किती आणि मोकळी जागा किती, हे ज्याने पाहिले आहे त्याला या बदलाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो वैध ठरवला. लोअर परळच्या पुलावरून आज दिसणारे मनोरे त्या एका शब्दबदलावर उभे आहेत.

बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. इस्वलकर स्वतः गिरणी कामगार होते. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या आणि इतर संघटनांच्या कामाची एक बाजू उपोषणे आणि मोर्चे यांची होती, ती सर्वांनी पाहिली. दुसरी बाजू टेबलाची होती. कोणत्या गिरणीची किती जमीन, त्यातली म्हाडाच्या वाट्याला किती यायला हवी आणि आली किती, कोणत्या गिरणीत कोण कामाला होते, हे कामगारांना पाठ असे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार घरासाठी पात्र, अशी अट ठरली, म्हणजे इथेही तारीख आलीच. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, २०१६ मध्ये २,६३४ आणि २०२० मध्ये ३,८९४. वडील पहिली सोडत पाहायला राहिले नाहीत. आईने वारस म्हणून अर्ज केला. आमचा नंबर अजून लागलेला नाही आणि आता तो लागेल या हिशेबाने आम्ही जगतही नाही.

अर्ज आणि घरे यांतली तफावत पाहिली तर हा लढा फसला असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. ज्या जमिनीतून कामगाराला काहीच मिळायचे नव्हते, त्या जमिनीवर लालबाग-परळमध्ये हजारो कामगार कुटुंबे आज स्वतःच्या घरात राहतात, हे लहान काम नव्हे. परंतु उरलेल्यांसाठी जेव्हा शेलू आणि वांगणीची नावे पुढे आली, बदलापूरच्याही पलीकडची, तेव्हा जुने कामगार चिडले. २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर ते पुन्हा जमले, त्यांतले कित्येक काठी टेकत आलेले होते. घर हे चौरस फुटांत मोजायचे की ते कुठे आहे यावर, हा वाद तिथे होता. लोकलच्या शेवटच्या टोकाला मिळालेले घर स्वस्त असते, पण ते स्वस्तपण रोज गाडीत उभे राहून कोणीतरी फेडत असते.

चाळींचा प्रश्न वेगळा आणि तरी याच कुळातला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली; मालकांनी दुरुस्ती सोडली, भाडेकरूंनी पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, खोल्या फिरवल्या आणि इमारती मधल्यामध्ये खचत गेल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा होऊन सुमारे १९ हजार ६०० इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, म्हणून नोंदल्या गेल्या. दर पावसाळ्यापूर्वी त्यांतल्या धोकादायक इमारतींची यादी निघते. इथली यादी अशी आहे की तिच्यात नाव यावे असेही वाटत नाही आणि न यावे असेही नाही. नाव आले तर संक्रमण शिबिरात जायचे आणि तिथून परत कधी येणार हे विचारायचे नाही. न आले तर रात्री तुळईचा आवाज ऐकत पडायचे.

या कोंडीतून अलीकडे लोकांनी काढलेली वाट म्हणजे स्वयंपुनर्विकास. विकासकाला जमीन देऊन त्याच्या दयेवर बसण्याऐवजी सोसायटीने स्वतःच ठेकेदार नेमायचा, कर्ज काढायचे आणि विक्रीच्या सदनिकांतून ते फेडायचे. राज्य सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी सवलती जाहीर केल्या आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जाचे धोरण आणले. ही कल्पना या शहराला नवी नाही. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, म्हणजे सहकाराने घर बांधण्याचा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला होता. आमच्या नात्यातल्या एका सोसायटीने या मार्गाने जायचे ठरवले तेव्हा मी त्यांच्या सभांना बसले. चटई क्षेत्र, म्हणजे बांधायची परवानगी असलेले क्षेत्रफळ, किती मिळणार, त्यातले विकायला किती, बांधकामाचा दर काय, सभासदांना भाडे किती महिने द्यावे लागेल आणि व्याज त्यात कसे खाते, हा हिशेब फळ्यावर मांडायला तीन सभा लागल्या. चौथ्या सभेला एक काका उठले आणि म्हणाले, “म्हणजे बिल्डर आपल्याला जे पन्नास फूट वाढीव देतो म्हणून मिरवत होता, ते आपलेच होते तर.” सभागृहात हशा पिकला. तो हशा मला कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त उपयोगाचा वाटला.

अर्थात हा मार्ग सर्वांसाठी नाही. मोठा भूखंड, चांगला परिसर, वेळ देऊ शकणारे चार निवृत्त सभासद आणि भांडणे मिटवणारा एक तरी सर्वमान्य माणूस, एवढी सामग्री असेल तर तो जमतो. पुनर्विकासासाठी लागणारी संमती ठिकठिकाणी ७०-७५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आणली गेली, त्याचे स्वागत झाले, कारण एका आडमुठ्या सभासदापायी सारी इमारत लटकते हा अनुभव खरा आहे. पण उरलेल्या ४९ टक्क्यांत कोण असते हेही पाहावे. एकटी विधवा, परगावी असलेला वारस, पागडीचा कागद हरवलेला भाडेकरू, ज्यांना सभेत बोलायची सवय नाही अशी माणसे. बहुमत झाले म्हणजे न्याय झाला असे धरून चालले, तर लोकांनी चालवलेली समितीही विकासकासारखीच वागू लागते. मी हे वागणे जवळून पाहिले आहे.

शहराच्या पातळीवर लोकांनी यादी तपासली ती २०१५ मध्ये. विकास आराखड्याचा मसुदा त्या वर्षी फेब्रुवारीत आला आणि त्यावर हजारो हरकती गेल्या. ज्या कामाकडे आजवर फक्त नगररचनाकार पाहत, तो नकाशा वस्त्यांमध्ये, कोळीवाड्यांत, शाळांच्या वर्गांत जमिनीवर अंथरला गेला. लोकांनी आपली गल्ली शोधली आणि कुठे देऊळ नाही, कुठे रस्ता घरांवरून गेलेला आहे, कुठे गावठाणाची हद्द चुकलेली आहे, हे दाखवून दिले. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा दुरुस्त करून नव्याने मांडायला सांगितले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईच्या सव्वा कोटीच्या जवळपास लोकसंख्येपैकी सुमारे ४२ टक्के माणसे झोपडपट्ट्यांत राहत होती. एवढ्या माणसांची घरे नकाशावर बहुधा एका रंगाचा ठिपका असतात. त्या ठिपक्याच्या आत शाळा, दवाखाना, मैदान यांची मागणी करणे हा घराच्या हक्काचाच भाग आहे, हे तेव्हा अनेक गटांनी एकत्र येऊन मांडले. घराभोवतीची जागा विसरली की काय होते, याचा दाखला गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत मिळतो. नटवर पारेख कंपाउंड किंवा लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लागतात, आणि उजेड-वारा नसलेल्या या घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध डॉक्टरांनी अभ्यासातून दाखवला आहे. तिथले सर्वजण पात्र होते. सर्वांना घर मिळाले होते.

आता अपात्रांकडे वळते, कारण माझ्या मनात खरे घोळत असते ते हेच. आमच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या घरावर माळा आहे आणि माळ्यावर कोणीतरी भाड्याने राहते. रिक्षा चालवणारे दोघे भाऊ, जरीकाम करणारे चार मुलगे, एखादे नवे लग्न झालेले जोडपे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत हिशेब तळमजल्याचा. वरच्याला घर नाही. आणि खालचा भाडेकरू असला तरी कागद बहुधा मालकाच्या नावाचे, म्हणजे घर मालकाला. शहरातले स्वस्तात स्वस्त भाड्याचे घर हा पोटमाळा आहे, तो कोणत्याही सरकारी योजनेने बांधलेला नाही, आणि पुनर्विकास झाला की सर्वांत आधी नाहीसा होतो तोही हाच. धारावीच्या योजनेत वरच्या मजल्यावरच्यांची निदान दखल घेतली आहे. १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या अशा रहिवाशांना भाडेतत्त्वावरची घरे देऊ केली आहेत, मात्र धारावीबाहेर. जिथे काम आहे तिथून उचलून दुसरीकडे, हा १९८५ च्या निकालातला मुद्दा चाळीस वर्षांनी जसाच्या तसा समोर आहे.

तारखेची भिंत ओलांडणारे एक उदाहरण या शहरातच आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही. घर बेकायदा असले तरी माणसाला तहान लागते. पुढे २०२२ मध्ये महापालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण आणले. अंमलबजावणी जेमतेम आहे, अर्ज करून थकलेली माणसे मला रोज भेटतात. पण तत्त्व मान्य झाले आहे की काही गोष्टी तारीख न विचारता द्यायच्या असतात. परवडणारे भाड्याचे घर ही तशी गोष्ट मानली, तर मोफत मालकीच्या घराभोवती तीस वर्षे फिरत असलेले हे राजकारण बरेच सैल होईल, असे माझे मत आहे. ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा १९९५ ची. त्या आकड्याच्या जवळपासही आपण पोहोचलेलो नाही, आणि भाड्याची घरे बांधायला मात्र त्या काळात कोणी फारसे मनावर घेतले नाही, कारण भाडेकरू फीत कापायला आलेल्या पाहुण्याला चावी हातात घेतलेला फोटो देत नाही.

आमच्या समितीतल्या दोन मुलींनी, एक नर्सिंगला आहे आणि दुसरी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, माळ्यावरच्या भाडेकरूंची वही सुरू केली आहे. नाव, गाव, काम, किती वर्षे राहतात, भाडे किती. जिना चढून जायचे, मालकीण खालून विचारते “काय गं, कशाला?”, तिला उत्तर द्यायचे, आणि वर जाऊन लिहून घ्यायचे. काहीजण नाव सांगत नाहीत. काहीजण सांगतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन खोडायला लावतात. तरी वही भरत चालली आहे.

पुढच्या बैठकीत या वहीचे काय करायचे हा विषय आहे. परिशिष्टावरच्या हरकतींसोबत ती अधिकाऱ्यांना द्यावी, असे मी म्हणणार आहे. विरोध होईल, आणि तो करणारी माणसे वाईट नाहीत. भाडेकरूची नोंद झाली की आपल्या पात्रतेवर कोणी बोट ठेवेल, अशी त्यांना धास्ती आहे, आणि ज्यांनी एक घर मिळवायला अर्धे आयुष्य कागद सांभाळण्यात घालवले त्यांची ही धास्ती मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. समितीचे अध्यक्षकाका परवा मला म्हणाले, “बाई, आधी आपलं पदरात पडू द्या, मग त्यांचं बघू.” मी त्यांना विचारले, की २००० ची तारीख पडली तेव्हा १९९५ वाल्यांनी तुमच्याबद्दल हेच म्हटले होते ना? ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, विषय पत्रिकेवर ठेवा, पण शेवटी ठेवा. मी तो दुसरा ठेवला आहे. शेवटच्या विषयापर्यंत बायका बसत नाहीत, त्यांना पाण्याला जायचे असते, आणि वहीच्या बाजूने बोलणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत.